गरिबीच्या यादीतली मुलं आणि वकील थॅडियस स्टीव्हन्स

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १८०९ पासून गरीब मुलांची फी सरकारी तिजोरीतून भरली जाई. अट एकच, फी परवडत नाही हे आईबापांनी कबूल करायचं. कराची आकारणी करणारा अधिकारीच मग त्या पोरांची नावं यादीत चढवी. वर्गात कोण पैसे भरून बसलंय आणि कोण यादीतलं, हे गावाला ठाऊक असे. ही शोभा नको म्हणून कित्येकांनी मुलं घरीच ठेवली.

१८३४ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्या सहीने नवा कायदा आला : शाळा सर्वांना मोफत, खर्च करातून. विधिमंडळात फारसा विरोध झाला नाही. गावोगाव मात्र आग लागली. जर्मनभाषक शेतकऱ्यांच्या आपापल्या चर्चच्या शाळा होत्या. दुसऱ्याच्या पोरांसाठी आपण कर का भरायचा, हा त्यांचा रोकडा सवाल. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या अर्जांवर सुमारे ३२ हजार सह्या पडल्या, सिनेटने, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाने, तो मोडीतही काढला. उरलं फक्त खालचं सभागृह.

तिथे ११ एप्रिल १८३५ रोजी गेटिसबर्गचा एक लंगडा वकील बोलायला उभा राहिला. थॅडियस स्टीव्हन्स. जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. पाऊल जन्मतःच वाकडं. बाप घर सोडून गेला आणि आईने कष्ट करून चारही मुलं वाढवली. डार्टमथ कॉलेजातून बाहेर पडल्यावर तो पेनसिल्व्हेनियात मास्तरकी करायला आला, १८१६ मध्ये गेटिसबर्गला वकिलीची पाटी लावली आणि बघता बघता जमीनजुमला केला. म्हणजे नव्या कराची झळ त्यालाही बसणारच होती. शिवाय वुल्फ विरुद्ध पक्षाचे, त्यात फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचे सदस्य; आणि स्टीव्हन्स निवडून आलेला फ्रीमेसनविरोधी पक्षातून. वुल्फना तोंडघशी पडू देणं त्याच्या सोयीचंच होतं.

पण यादी त्याला सलत होती. जन्मावर ठरणारी उच्चनीचता वाईटच, गरिबीवर ठरणारी त्याहून कितीतरी वाईट, असं तो म्हणाला. जुनी यादी परत आणणाऱ्या सिनेटच्या विधेयकाला त्याने नाव सुचवलं : श्रीमंतांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून गरिबांना डाग देण्याचा कायदा. करदात्याला त्याचा टोला असा, की कैद्यांना पोसायचा कर तू खुशीने देतोस आणि माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणाऱ्या पैशाला कुरकुरतोस. सभागृहाने रद्द करण्याचा ठराव फेटाळला, सिनेटलाही माघार घ्यावी लागली. वुल्फ मात्र त्याच वर्षी निवडणूक हरले.

या माणसाला एकदम देव्हाऱ्यात बसवू नये. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्यासाठी दावा केला. मालकाने राज्यात आणून सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त, असा तिथला कायदा. तिचे मुक्काम तुकड्यातुकड्यांचे होते. त्यांची बेरीज धरता येत नाही, असा युक्तिवाद करून मालकाचा वकील जिंकला आणि चॅरिटी मुलींसह गुलामीतच राहिली. तो वकील स्टीव्हन्स. पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले त्याने लढवले, पण हा निकाल त्याच्या नावावर राहिलाच.

१८३८ मध्ये राज्याची घटना नव्याने लिहिताना मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घुसवला गेला. काही जिल्ह्यांत मत देत आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांचा हक्क त्या शब्दाने गेला. स्टीव्हन्सने मसुद्यावर सही केली नाही. त्याच डिसेंबरात निवडणूक निकालाच्या भांडणातून हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीत, जमाव सिनेटमध्ये शिरला, तेव्हा तो खिडकीतून उतरून निसटला. या भांडणात त्याचे हातही काही स्वच्छ नव्हते. १८४२ मध्ये कर्जबाजारी होऊन तो लँकेस्टरला गेला. वॉशिंग्टनची संसद, यादवी युद्ध, सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती हे सगळं त्यानंतरचं.

११ ऑगस्ट १८६८ रोजी तो वारला. इतर दफनभूमींत रंग पाहून जागा दिली जाई, म्हणून त्याने लँकेस्टरमधली सर्वांना खुली असलेली एक लहानशी दफनभूमी आधीच निवडली होती. मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या आश्रमासाठी रक्कम ठेवली होती. आज लँकेस्टरला त्याच्या नावाचं तंत्रनिकेतन आहे, ते त्यातूनच उभं राहिलं. प्रवेश देताना वंश, रंग, आईबापांचा धर्म पाहायचा नाही, हे मृत्युपत्रात होतंच. शिवाय जेवणाचंही होतं : मुलांना एकाच टेबलावर वाढायचं.