बर्फात पाय मोडला तर: परदेशातल्या स्कीइंगसाठी प्रवास विमा, कागदपत्रं आणि क्लेम

"अहो, व्हिसाला विमा लावला होता ना, मग पैसे द्यायला नाही का म्हणतात?" हिवाळी सहली परतू लागल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मी विमा विकत नाही. ओळखीपाळखीतल्यांच्या क्लेमचे कागद लावून देते, एवढंच. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: व्हिसाला चालणारा विमा वेगळा आणि उतारावर पडल्यावर उपयोगी पडणारा विमा वेगळा. दोन्ही एकाच पॉलिसीत मिळू शकतात, पण आपोआप मिळत नाहीत.

युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची अट आहे किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याची. तो सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालला पाहिजे. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, आजारपणामुळे किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवा. विमा कंपनी एक पानी प्रमाणपत्र देते, त्यावर हे सगळं छापलेलं असतं आणि व्हिसा केंद्राच्या खिडकीवर तेवढंच बघतात. तुम्ही तिकडे जाऊन चर्च बघणार की डोंगरावरून घसरणार, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मंजूर झालं म्हणजे स्कीइंग धरलं गेलं, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

खरं उत्तर पॉलिसीच्या शब्दांकनात, 'वगळलेल्या बाबी' या मथळ्याखाली असतं. तिथे स्कीइंग हा शब्द सापडेलच असं नाही. 'साहसी खेळ', 'धोकादायक खेळ' किंवा 'हिवाळी खेळ' असं काहीतरी असतं. अनेक भारतीय पॉलिसींत हे मूळ संरक्षणातून वगळतात आणि जादा हप्ता भरून ॲड-ऑन म्हणून देतात. ॲड-ऑन घेतलं तरी अटी वाचाच. बहुधा त्या अशा असतात: खेळाडू हौशी असावा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली असावा, आखून दिलेल्या उतारावरच असावा. यातली मधली अट सगळ्यात जास्त नडते. पहिल्या दिवशी शिकवणी लावली, दुसऱ्या दिवशी "आता येतंय की" म्हणत एकटेच गेले, आणि पडले नेमके दुसऱ्या दिवशी.

"आम्ही कुठे स्कीइंग करतोय, नुसतं बर्फात खेळणार" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं थांबते, कारण आपल्याकडून जाणारे बहुतेक जण याच गटात मोडतात. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिसला किंवा ग्रिंडेलवाल्डला जाऊन स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) बसणं हा साहसी खेळ की करमणूक? एका पॉलिसीत स्लेजिंग हिवाळी खेळांच्या यादीत नावानिशी असतं, दुसरीत त्याचा उल्लेखच नसतो आणि मग ते क्लेम तपासणाऱ्याच्या मर्जीवर जातं. म्हणून निघायच्या आधी कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा: पॉलिसी क्रमांक अमुक, अमुक तारखांना दोन दिवस स्कीइंगची शिकवणी आणि एक दिवस स्लेजिंग करणार आहे, हे माझ्या पॉलिसीत धरलं आहे का, कोणत्या कलमाखाली? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" नंतर कुणालाच आठवत नाही.

शब्दांकन इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतं, ही तक्रार रास्त आहे. पण पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यायचा विमा नियामकाचा दंडक आहे, आणि ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असतं. कायद्याच्या व्याख्येत प्रवास विमा हा आरोग्य विम्यातच धरला जातो. तेव्हा मराठीत मागा. मागितलं की समोरचा जरा गोंधळतो, पण मागा.

पात्रतेचं थोडक्यात: पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच काढा, तिकडे उतरल्यावर बहुतेक कंपन्या देत नाहीत. वयाप्रमाणे हप्ता आणि मर्यादा बदलतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचं जुनं ऑपरेशन, सगळं अर्जात लिहा. "कशाला उगाच, हप्ता वाढेल" म्हणून एजंटने तो रकाना कोरा ठेवला तरी खाली सही तुमची असते.

उतारावरून खाली कोण आणणार?

पॉलिसीत 'वैद्यकीय स्थलांतर' असतं. त्याचा अर्थ बहुधा एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात किंवा मायदेशी नेणं. डोंगरावरून उचलून खाली आणणं हा निराळा विषय, त्यासाठी 'शोध आणि बचाव' असं कलम लागतं. ऑस्ट्रियात स्कीइंगच्या अपघातात हेलिकॉप्टर आलं आणि विमा नसला तर काही हजार युरोंचं बिल थेट जखमी माणसाच्या नावावर निघतं. फ्रान्समध्येही उतारावरच्या बचावकार्याचे पैसे घेतात. तिथे स्की पास (उतारावरच्या लिफ्टचं तिकीट) घेतानाच 'कारे नेज' नावाचा दिवसावारी विमा खिडकीवर मिळतो. चार-दोन युरोंकडे बघून तो नाकारू नका. स्वित्झर्लंडमध्ये रेगा ही हवाई बचाव संस्था आहे, क्रमांक १४१४. तिला वार्षिक देणगी देणाऱ्यांना बचावाचा खर्च माफ होऊ शकतो, पण ते संस्थेच्या मर्जीवर असतं, तो विमा नव्हे. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी १४०, आणि युरोपात कुठेही ११२.

इटलीला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या उतारांवर दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा दायित्व विमा सक्तीचा आहे. नसला तर दंड होतो आणि पासही काढून घेतात. आपल्या पॉलिसीत 'वैयक्तिक दायित्व' असतं खरं, पण साहसी खेळ वगळले असतील तर तेही वगळलं जाऊ शकतं. आणि धडक बसली की मागून किंवा वरून येणाऱ्याचीच जबाबदारी, असा सर्व उतारांवरचा नियम आहे.

जो कागद कुणाकडेच नसतो

क्लेम फॉर्म, पॉलिसीची प्रत, पासपोर्ट, पॅन, रद्द केलेला चेक, बिलं, डिस्चार्ज समरी, एक्स-रे: ही यादी सगळ्यांना पाठ असते. क्लेम अडतो तो अपघाताच्या अहवालावर. उतारावरचं गस्ती पथक तुम्हाला खाली आणतं तेव्हा जागा, वेळ आणि इजा यांची नोंद करतं. ती मागितल्याशिवाय हातात पडत नाही, आणि गुडघा धरून विव्हळणारा माणूस ती मागणार तरी कशी? सोबतच्याने मागायची. निदान पथकाचं नाव, उताराचं नाव आणि वेळ फोनमध्ये टिपून ठेवायची.

पुण्यातल्या एका जोडप्याचे कागद माझ्यापुढे होते. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी कारणाच्या रकान्यात जर्मनमध्ये एकच शब्द लिहिला होता: 'श्टुर्त्स'. म्हणजे पडणे. कंपनीने विचारलं, कुठे पडल्या? ॲड-ऑनची अट आखलेल्या उताराची. रस्त्यावर पडल्या, हॉटेलात पडल्या की जंगलात? गस्तीचा अहवाल नव्हता. स्की पास दाखवला असता तरी भागलं असतं, कारण लिफ्टच्या फाटकावर तो टेकवला की वेळेची नोंद होते. पण स्कीइंगच्या जॅकेटला डाव्या बाहीवर पास ठेवायला एक छोटा खिसा असतो, आणि यांचं जॅकेट होतं भाड्याचं. जॅकेट परत केलं, त्याबरोबर पासही गेला. शेवटी शिकवणीच्या पावतीवरची तारीख आणि नवऱ्याच्या फोनमधला, स्ट्रेचरमागे उताराची निळी पाटी दिसणारा फोटो यांवर काम निभावलं. तो फोटो त्याने घाबरून, बहिणीला पाठवायला काढला होता.

म्हणून डॉक्टरांना सांगून 'अमुक उतारावर स्कीइंग करताना पडल्याने' असं पूर्ण वाक्य लिहून घ्या. अहवाल इंग्रजीत मिळत असेल तर तिथेच मागा, नाहीतर इथे येऊन भाषांतराचा खर्च तुमच्या माथी. आणि दुपारच्या जेवणाबरोबर ती गरम वाइन घेऊ नका. दारूचं कलम बहुतेक पॉलिसींत असतं, आणि रक्ताचा अहवाल फाईलला लागतो.

पासपोर्टवरचे शिक्के हा नवा घोळ. कंपन्या अजूनही 'प्रवेश आणि निर्गमनाच्या शिक्क्यांच्या प्रती' मागतात. युरोपने मात्र १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद सुरू केली आणि शिक्के बंद करत आणले. नसलेला शिक्का आणायचा कुठून, याचं उत्तर फॉर्म छापणाऱ्यांनी द्यावं. तोवर बोर्डिंग पास जपून ठेवा, कागदी मिळाला तर तो, नाहीतर स्क्रीनशॉट.

बिल आणि पावतीतही लोक फसतात. बिल म्हणजे किती द्यायचे, पावती म्हणजे दिलेत. तिकडची रुग्णालयं कधीकधी अनामत घेऊन सोडतात आणि उरलेलं बिल काही आठवड्यांनी पोस्टाने घरी पाठवतात. तोवर इकडे मुदत संपत आलेली असते.

मुदती दोन, आणि लोक एकच वाचतात

पहिली मुदत कळवण्याची, बहुधा २४ तास किंवा 'शक्य तितक्या लवकर'. ती पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करून पाळायची. रुग्णालयात पैसे न भरता उपचार हवे असतील तर याच फोनवरून सगळं हलतं. एजंटला व्हॉट्सॲप केलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. दुसरी मुदत कागद देण्याची, अनेकदा ३० दिवस. पण ते डिस्चार्जपासून मोजायचे, घरी परतल्यापासून की पॉलिसी संपल्यापासून, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं. एखादा कागद यायचा असेल तरी बाकीची फाईल मुदतीत द्या आणि उरलेलं मागून येईल असं पत्र जोडा. उशीर झालाच तर घाबरू नका. केवळ उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं नियामकाने २०११च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं कारण मात्र लेखी द्या.

परतीच्या विमानाचाही विचार करा. ताजं प्लास्टर असेल तर लांबच्या विमानात साधारण ४८ तास घेत नाहीत, किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यावं लागतं. पाय सरळ ठेवायला जादा सीट लागली तर तिचे पैसे मदत क्रमांकावरून आधी मंजुरी घेतली असेल तरच मिळतात. स्वतःच वरच्या वर्गाचं तिकीट काढून मग मागाल, तर बहुतेक नकारच येतो.

गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर तिकडे पट्टा बांधून "घरी जाऊन ऑपरेशन करा" असं सांगतात, कारण ते तातडीचं नसतं. इथल्या ऑपरेशनला प्रवास विमा बहुधा पैसे देत नाही, दिले तरी हात आखडून. मग इथला आपला नेहमीचा मेडिक्लेम वापरायचा. काउंटरवर कुणी "साहसी खेळ आहे, बसत नाही" म्हणालं तर पॉलिसीतलं नववं प्रमाणित वगळणूक कलम उघडून दाखवा. त्यात व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यालाच वगळलं आहे, आठवड्याची सुट्टी काढून घसरायला गेलेल्या बँक कर्मचाऱ्याला नाही. सुरुवातीचा तीस दिवसांचा प्रतीक्षा काळही अपघाताला लागू नसतो.

जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांकडे तिथलं युरोपीय आरोग्य कार्ड असतं. शेजारच्या बऱ्याच देशांत सरकारी दवाखान्यातला उपचार त्यावर होतो (भारतीय पासपोर्टवाल्यांना स्वित्झर्लंडमध्ये मात्र ते चालत नाही), पण उतारावरून खाली आणणं आणि घरी पोचवणं त्यात येत नाही. त्यांनीही वेगळा विमा काढावा.

आणि नकार आलाच तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे किंवा विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथून मिळू शकते. त्या अर्जाला कंपनीच्या नकारपत्राची प्रत जोडावी लागते. फोनवर नुसतं "बसत नाही" असं सांगितलं असेल, तर कलमाच्या क्रमांकासह लेखी द्या म्हणून आजच ईमेल टाका.