इंड्यूसर आणि ॲक्टिव्हेटर: जनुक दोघांमुळेही चालू होतं, पण डीएनएला हात एकच लावतो

लातूरला बारावीच्या वर्गात लॅक ओपेरॉन (जिवाणूतल्या, लॅक्टोज या साखरेसाठी लागणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट) शिकवायला घेतला की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. "मॅडम, इंड्यूसरनं पण जीन चालू होतंय, ॲक्टिव्हेटरनं पण होतंय. मग दोन नावं कशाला?" प्रश्न रास्त आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकात रिप्रेसरचा, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनाचा भाग (निगेटिव्ह रेग्युलेशन) दिलेला आहे. पॉझिटिव्ह रेग्युलेशन, म्हणजे प्रथिनानं जनुकं चालू करणं, हेही असतं एवढं सांगून तो विषय या पातळीच्या बाहेरचा म्हणून सोडून दिलाय. मग मुलं आपल्या मनानं जोडून टाकतात: लॅक्टोजनं जनुकं चालू केली, म्हणजे हेच पॉझिटिव्ह. इथेच गाडी चुकते.

आधी रिप्रेसर नीट बघू, कारण इंड्यूसरचा सगळा संबंध त्याच्याशी आहे. ई. कोलाय जिवाणूत लॅक्टोजसाठी लागणाऱ्या तीन प्रथिनांची जनुकं एका ओळीत असतात. दुधातली ही साखर नसताना ती प्रथिनं बनवणं वायाच. म्हणून रिप्रेसर ऑपरेटरवर, म्हणजे या जनुकांच्या तोंडाशी असलेल्या डीएनएच्या तुकड्यावर, ठाण मांडून बसतो. तो चार साखळ्यांचं प्रथिन आहे, प्रत्येक साखळीत ३६० अमिनो आम्लं. पेशीत असे रेणू जेमतेम दहाच्या आसपास, आणि जागा शोधायची ती सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांच्या (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) डीएनएमधून. बरं, त्यासाठी तो डीएनएचा पीळ उलगडतही नाही. पिळाला बाहेरून दोन खाचा असतात, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेत बेसच्या कडा उघड्या पडलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीची कड वेगळी. रिप्रेसरचा एक लहानसा पिळदार तुकडा त्या खाचेत शिरून कडा चाचपतो. अक्षरं जुळली नाहीत तर पकड सैल राहते, तो पुढे सरकतो. जुळली की घट्ट बसतो. मला हा भाग शिकवताना आजही भारावल्यासारखं होतं.

आता इंड्यूसर. तो प्रथिन नाही, साखर आहे. पुस्तकात लॅक्टोज लिहिलंय, परीक्षेत तेच लिहावं. प्रत्यक्षात काम करतो तो लॅक्टोजपासून बनलेला ॲलोलॅक्टोज, आणि तो बनवतं याच ओपेरॉनमधलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर (एन्झाइम). (ओपेरॉन बंद असतानाही थोडी गळती चालू असते, म्हणून हे जमतं.) ॲलोलॅक्टोज डीएनएला शिवतसुद्धा नाही. तो रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो आणि ऑपरेटरवरची पकड सुटते. इंड्यूसरचं काम इथे संपलं. त्यानं काही चालू केलं नाही, अडथळा तेवढा काढला.

ॲक्टिव्हेटरची गोष्ट निराळी. जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज, आणि ते डीएनएवर जिथे बसतं ती जागा म्हणजे प्रमोटर. लॅकचा प्रमोटर मुळात कमजोर आहे, पॉलिमरेज तिथे धड टिकत नाही. सीएपी नावाचं दोन साखळ्यांचं प्रथिन प्रमोटरच्या अलीकडे स्वतः डीएनएच्या रुंद खाचेत बसतं, डीएनएला सुमारे ९० अंशांत वाकवतं आणि पॉलिमरेजला धरून जागेवर आणतं. ग्लुकोज कमी झालं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो, तो चिकटला तरच सीएपीला ही पकड येते.

माझं माहेर निलंग्याकडचं. तिकडे रात्री लाईट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागतं. वाफ्याच्या तोंडाशी माती लावलेली असते, ती फावड्यानं ओढली की पाणी आत शिरतं. पण लाईट डिम असेल, मोटर पाणी उचलत नसेल, तर दारं मोडूनही पाणी पाटातच रेंगाळतं. माती म्हणजे रिप्रेसर, फावडं म्हणजे इंड्यूसर. मोटर म्हणजे पॉलिमरेज, आणि तिला दम देणारी पुरेशी लाईट म्हणजे ॲक्टिव्हेटर. फावडं कितीही चालवा, डिम लाईट वाढणार नाही.

तरी शंका राहिली तर मी मुलांना एकच करायला सांगते: मनातल्या मनात रिप्रेसरचं जनुक मोडा. आता इंड्यूसर घाला नाही तर घालू नका, काही फरक पडत नाही, कारण काढायला अडथळाच उरला नाही. सीएपीची गरज मात्र तशीच राहते. उलट सीएपीचं जनुक मोडा: लॅक्टोज भरपूर असूनही जनुकं रडतखडतच चालतात.

हुशार मुलं इथे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. सायक्लिक एएमपीलाच ती ॲक्टिव्हेटर म्हणतात. तोही ॲलोलॅक्टोजसारखा छोटा रेणूच. ॲक्टिव्हेटर आहे ते सीएपी. फरक इतकाच, की ॲलोलॅक्टोज आपल्या प्रथिनाची पकड सोडवतो आणि सायक्लिक एएमपी आपल्या प्रथिनाला पकड देतो. ट्रिप्टोफॅन ओपेरॉनमध्ये तर ट्रिप्टोफॅन रिप्रेसरलाच पकड देतो, म्हणून त्याला को-रिप्रेसर म्हणतात.

हा घोळ नुसता मुलांचा नाही. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली ओपेरॉन मांडला तेव्हा भर रिप्रेसरवरच होता, आणि रिप्रेसर हे प्रथिन आहे हेही गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी १९६६ साली दाखवलं. जनुकं ॲक्टिव्हेटरनंही चालतात ही गोष्ट पटायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला.

मला स्वतःला ती पटली एम.एस्सी.ला असताना. प्लेटमध्ये आयपीटीजी घातला होता. हा ॲलोलॅक्टोजचं काम करणारा रेणू, रिप्रेसरला सोडवतो आणि पर्मिएज या लॅक्टोज आत आणणाऱ्या प्रथिनाशिवायही पेशीत शिरतो. सोबत एक्स-गॅल होतं, ते बीटा-गॅलॅक्टोसिडेजनं तोडलं की निळा रंग येतो, त्यामुळे जनुक चाललं की वसाहती निळ्याशार व्हायला हव्या होत्या. सकाळी झाकण उघडलं तर फिकट, धुतलेल्या शाईसारख्या. माध्यमात माझ्या हातून ग्लुकोज पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्लुकोजशिवाय तीच प्लेट पुन्हा लावली आणि ठिपके गर्द निळे आले. दोन्ही प्लेटा खिडकीशी धरून मी बराच वेळ बघत उभी होते.