आयडेम्पोटंट टूल आणि निर्धोक टूल: एजंटसाठी लिहिताना होणारी गल्लत

एआय एजंटला (आपणहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला) एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला काम सांगायची सोय, वापरायला देताना त्यातल्या एकेका कामाला ‘टूल’ म्हणतात. अशा टूलच्या वर्णनात एक वाक्य सर्रास सापडतं: ‘हे टूल कितीही वेळा चालवलं तरी हरकत नाही.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की टूल आयडेम्पोटंट आहे, म्हणजे पुन्हा चालवलं तरी जास्तीचं काही होत नाही. एजंट मात्र ते वाचून टूल निर्धोक समजतो आणि कुणाला न विचारता चालवून मोकळा होतो. समोर शेतकऱ्यांचे हिशेब असतील तर ही गल्लत फार महागात पडते.

तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त काही घडत नसेल, तर टूल आयडेम्पोटंट. आधीपासून असलेलं काही पुसलं किंवा बदललं जात असेल, तर टूल विध्वंसक. एचटीटीपीचं, म्हणजे वेबवर विनंत्या पाठवायच्या नियमांचं, डिलीट (पुसायची विनंती) एकाच वेळी दोन्ही आहे. २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानक दस्तऐवजात ते आयडेम्पोटंट धरलंय, पण ‘सेफ’, म्हणजे सर्व्हरवर काही न बदलणाऱ्या, पद्धतींत ते नाही. तिथे गेट, हेड, ऑप्शन्स आणि ट्रेस एवढ्याच आहेत. पुसलेली नोंद पुन्हा पुसता येत नाही हे खरं, पण ती पहिल्याच वेळी गेलेली असते.

समजा, दारव्ह्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर एजंटला जोडलं. ऐन हंगामात वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग आणि तेवढ्यात लाइन गेली. विनंती पोचली की नाही, कळायला मार्ग नाही. एजंट ती पुन्हा पाठवणार.

‘काटापट्टी (वजनाची पावती) तयार करा’ हे टूल काहीच पुसत नाही, नुसती भर घालतं. तरी ते दोनदा गेलं तर एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात आणि चुकारा, म्हणजे मालाचे द्यायचे पैसे, दुप्पट निघतो. इथे दुखणं पुनरावृत्तीचं आहे. प्रत्येक वजनासोबत एक वेगळा ओळख क्रमांक पाठवून घेतला आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यावर सर्व्हरने नवी पट्टी केली नाही, की प्रश्न मिटतो.

‘सभासदाची माहिती अपडेट करा’ याचं उलटं आहे. दहादा चालवा, निकाल तोच. पण आत एचटीटीपीची पुट ही पद्धत असेल तर ती अख्खी नोंद बदलते. एजंटने नुसता नवा बँक खाते क्रमांक पाठवला, तर मोबाइल नंबर आणि गट नंबर कोरे होऊ शकतात. पाठवलं तेवढंच बदलायचं तर पॅच ही पद्धत हवी. ‘अपडेट’ या नावावरून आत काय आहे ते ओळखता येत नाही, म्हणून वर्णनात ते सांगावंच लागतं. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या खातेदाराचं नाव कंसात जातं आणि फेरफार क्रमांक शेजारी राहतो, त्यामुळे जमीन कुणाकडून आली ते कळतं. बँक खात्यासारख्या नोंदीचा जुना आकडा असाच राहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

‘शेवटची पट्टी काढून टाका’ हे टूल तर एजंटच्या हाती देऊच नये. दर वेळी ‘शेवटची’ पट्टी वेगळी असते. दुसऱ्या प्रयत्नात भलत्याच शेतकऱ्याची पट्टी जाते. कोणती पट्टी काढायची तिचा क्रमांक मागा.

एआयला टूल जोडायच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या नियमावलीने पुनरावृत्ती आणि विध्वंस हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत, ते योग्यच. २६ मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला डिस्ट्रक्टिव्हहिंट आणि आयडेम्पोटंटहिंट अशा दोन स्वतंत्र खुणा देता येतात. तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर वाचण्यापुरतं नसलेलं टूल विध्वंसक आहे आणि आयडेम्पोटंट नाही असं गृहीत धरलं जातं. पण त्या फक्त सूचना आहेत. परवानगीचं कुलूप सर्व्हरवरच लावावं लागतं.

आता वर्णन. हे एक नेहमीच्या थाटाचं:

‘हंगाम साफ करा. निवडलेल्या हंगामाचा डेटा साफ करते. पुन्हा चालवायला हरकत नाही.’

मी ते असं लिहीन:

‘निवडलेल्या हंगामाच्या सर्व काटापट्ट्या आणि त्यांना जोडलेल्या चुकाऱ्यांच्या नोंदी कायमच्या पुसते. त्या परत आणता येत नाहीत. सभासदांची नावं आणि बँक खाती तशीच राहतात. एखादीच पट्टी चुकली असेल तर हे वापरू नये, “पट्टी रद्द करा” वापरावं. आधी “हंगाम मोजा” चालवून किती पट्ट्या जाणार तो आकडा हिशेबनिसाला दाखवावा आणि त्याचा स्पष्ट होकार घ्यावा. उत्तर आलं नाही तर थेट पुन्हा पाठवू नये, आधी पुन्हा मोजावं.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. हे टूल व्याख्येने आयडेम्पोटंटच आहे. पण पहिली विनंती पोचली, उत्तर वाटेत हरवलं आणि मधल्या अर्ध्या तासात काट्यावरच्या पोराने त्याच हंगामाच्या नव्या पट्ट्या भरल्या, तर दुसरी विनंती त्याही पुसून टाकते. विनंती तीच असली तरी खालचा डेटा बदललेला असतो. म्हणून मोजणीत आलेला आकडा पुसायच्या विनंतीसोबत पाठवणं सक्तीचं करावं आणि तो जुळला नाही तर सर्व्हरने काम नाकारावं. नाकारताना ‘एरर ४०९’ (विनंती आणि सध्याचा डेटा जुळत नाही असं सांगणारा एचटीटीपीचा आकडा) एवढंच परत पाठवू नका. ‘मोजणीनंतर पट्ट्यांची संख्या बदलली आहे, काहीही पुसलेलं नाही, पुन्हा मोजून हिशेबनिसाला विचारा’ असं पूर्ण वाक्य द्या. एजंट पुढचं पाऊल त्यावरूनच ठरवतो.