टॅपेटची फट: खळ्यातल्या एका कामाची पार्श्वभूमी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुडाळकडच्या आमच्या खळ्यात चाकरमान्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन रात्रभर पूर्ण थंड झालेलं असताना, काका पद्मिनीचं बॉनेट उघडायचे. मुंबईपासून साडेचारशेहून जास्त किलोमीटर, मध्ये कशेडी आणि परशुराम घाट. एवढ्या वाटेत इंजिनाचा सूर बदललेला असायचा. "टॅपेट वाजतायत," एवढंच ते म्हणत आणि फिलर गेजच्या, म्हणजे फट मापायच्या, पातळ पात्या फडक्यावर मांडत.

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडायला त्यांना ढकलणारा तुकडा; त्या रांगेत सोडलेली बारीक मोकळी जागा ती टॅपेटची फट. खरं तर त्या इंजिनात काका टॅपेटला हातही लावत नव्हते. ते फिरवत होते रॉकरवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफेवरचा, स्क्रू. मग नाव टॅपेटचं का? याचं उत्तर जुन्या इंजिनांत आहे. पूर्वी बहुतेक गाड्यांचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असत. कॅमशाफ्टवर (उंचवटे असलेला फिरता दांडा) टॅपेट आणि टॅपेटवर थेट व्हॉल्व्हची दांडी, त्यामुळे फट लावायची ती टॅपेटवरच. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर फिरवायला स्क्रूच नव्हता. फट कमी झाली तर दांडीचं टोक घासायचं. अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने १९०४ मध्येच व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले होते, पण ही रचना सर्वत्र रुळायला कित्येक दशकं गेली. आपल्याकडे हा बदल एकाच गाडीत दिसतो. सुरुवातीच्या अँबॅसडरमध्ये बाजूच्या व्हॉल्व्हचं इंजिन होतं आणि १९५९ च्या सुमारास तिथे १४८९ सीसीचं, वर व्हॉल्व्ह असलेलं इंजिन आलं. टॅपेट खाली ब्लॉकमध्ये राहिला, त्यावर पुशरॉड ही लांब काठी, पुशरॉडवर रॉकर. फट वर रॉकरपाशी गेली, शब्द मात्र मिस्त्रींच्या तोंडी तोच राहिला.

ही फट मुळात लागते कशाला? तापल्यावर धातू वाढतो म्हणून. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालेल्या वायूच्या झोतात लाल होईपर्यंत तापतो, त्याची दांडी लांबते. थंडपणी जागा सोडली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही. टेकला नाही की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, जातं आणि त्याची उष्णताही बाहेर पडत नाही, कारण बैठकीला टेकण्याच्या त्या क्षणातच तो निवत असतो. मग कड जळते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. फट वाढली की टॅपेट वाजतो, संपली की गप्प होतो. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक गप्प झालेल्या टॅपेटची मला जास्त काळजी वाटते.

काम घरी होत होतं, कारण गाड्या वर्षानुवर्षं त्याच होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली १०८९ सीसीची फियाट १९६४ साली आली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली, पण इंजिन त्याच घराण्यातलं राहिलं. बापाने शिकलेलं मुलाच्या गाडीलाही लागू पडायचं. अँबॅसडरसाठी तर नऊच्या बेरजेचा हिशोब होता: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसऱ्याची. प्लग काढून ठेवायचे, म्हणजे इंजिन हँडलने हलकं फिरतं. पाती किंचित घासत सरकली पाहिजे. स्क्रू जागी धरणारा लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. फट थंड इंजिनावर मापायची की गरम, हे त्या त्या गाडीचं पुस्तक सांगतं. एकीचं माप दुसरीला लावू नये.

कोकणात यात एक भर पडते. गणपती ते शिमगा बंद राहिलेल्या गाडीचं रॉकरवरचं कव्हर उघडलं की आत दमटपणाने दुधाळ झालेलं तेल सापडतं. कधी लॉकनटही गंजलेला. जुनं बुचाचं पॅकिंग तर काढतानाच तुटतं, म्हणून नवं आणल्याशिवाय काकांनी कधी कव्हर उघडलं नाही.

पुढे पेट्रोल बदललं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागलं. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या प्रकृतीसाठी ते हवंच होतं. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. तो गेल्यावर बैठक झिजते, व्हॉल्व्ह खाली रुततो आणि फट आपोआप कमी होत जाते, तीही आवाज न करता. तोवर हायड्रॉलिक टॅपेटच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. कॅडिलॅकने ते १९३० मध्येच वापरले होते. त्यात तेलाचा दाब फट भरून काढतो आणि फिलर गेज लागत नाही. बिडाच्या हेडची जुनी अँबॅसडर अजून चालवत असाल आणि हेडमध्ये कठीण बैठका बसवून घेतल्या नसतील, तर फट पूर्वीपेक्षा लवकर लवकर बघा, आधी एक्झॉस्टची.