रामकुंडावरच्या वहीतली पिढी

नाशिकच्या रामकुंडावर श्राद्धाला बसलं की गुरुजी तीन नावं विचारतात: वडील, आजोबा, पणजोबा. गाव-आडनाव सांगितलं तर तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांतून त्यांच्याही मागची नावं निघतात. मराठीत ‘पिढी’ म्हणजे मुळात ही घरातली पायरी. तिथे जन्मसाल कोणी विचारत नाही. म्हणून तर वयानं मोठा पुतण्या लहान काकाच्या पाया पडतो आणि लग्नात सगळे हसतात.

‘मिलेनियल’, ‘जेन झी’ यांतली पिढी निराळी. 1928 मध्ये समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी पिढ्यांवर निबंध लिहिला. कोवळ्या वयात एकाच उलथापालथीतून गेलेले लोक म्हणजे एक पिढी, असं त्यांचं म्हणणं. एका साली जन्मणं पुरत नाही; 1800च्या सुमाराचे चिनी आणि जर्मन तरुण काही एका पिढीचे नव्हेत, हे उदाहरण त्यांचंच.

पुढे ही अट गळाली, सालं तेवढी उरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्म एकदम वाढले, ते 1964 पर्यंत. 1946 पासूनची ती मुलं ‘बेबी बूमर’. या नावामागे निदान जन्मनोंदी आहेत. ‘जेन एक्स’ रूढ झालं डग्लस कूपलंड यांच्या 1991च्या कादंबरीमुळे. ‘मिलेनियल’ हे विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या लेखकद्वयीचं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं मिलेनियलांना 1981 ते 1996 मध्ये बसवलं, 1997 पासून जेन झी. त्याच संस्थेनं 2023 मध्ये ही लेबलं यापुढे जपून वापरू, असं जाहीर केलं. जाहिरातवाल्यांच्या कानावर ते गेलेलं दिसत नाही.

नाशिकमध्ये 1946ची रेघ कुठे ओढणार? इथल्या रेघा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसच्या (1925), ओझरच्या विमान कारखान्याच्या (1964), सातपूरच्या एमआयडीसीच्या. द्राक्ष-कांद्याच्या घरातला मुलगा पाळीवर जायला लागला, हा खरा पिढीबदल. त्याच्या मुलानं कायम नोकरी गृहीत धरली. नातवाच्या वाट्याला कंत्राट आलं, नाहीतर पुण्याची बस.

आणि मानहाइम यांची अट लावायची तर 2000 साली शहरातल्या कॉलेज रोडवर जन्मलेली मुलगी आणि त्याच साली जिल्ह्यातल्याच सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावर जन्मलेली मुलगी, दोघींना ‘जेन झी’ म्हणताना जरा थांबावं लागेल. एकीच्या हातात शाळेतच मोबाइल आला, दुसरीच्या डोक्यावर हंडा.

नाशिककरांचं स्वतःचं माप आहेच, बारा वर्षांचं. आजी साल सांगत नाही, सिंहस्थ सांगते: “2003च्या सिंहस्थात तू पोटात होतीस, 2015 मध्ये तुझ्या बाबांच्या खांद्यावरून साधू बघायला भांडलीस. आता येईल त्यात मला घाटापर्यंत तूच ने.”