दिवा लपवणारे दिवे

उजेड वाढवला की नीट दिसते, हा समज निम्माच खरा आहे. जेवणाच्या टेबलावर डोळ्यांच्या रेषेत एखादा उघडा बल्ब लोंबत असेल, तर समोरच्या माणसाचा चेहरा दिसण्याऐवजी आपलेच डोळे बारीक होतात. बल्बचे थेट किरण डोळ्यातील कॉर्निया आणि भिंग यांमधून जाताना थोडे विखुरतात, हा विखुरलेला उजेड दृष्टिपटलावर विरळ धुक्यासारखा पसरतो आणि त्यामुळे उरलेल्या दृश्यातील गडद-फिक्याचा फरक पुसट होतो. वयानुसार भिंग गढूळ होत जाते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. तेव्हा चांगल्या दिव्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याचा उजेड वस्तूंवर पडायला हवा आणि त्या उजेडाचा उगम डोळ्यांपासून लपायला हवा.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो डेन्मार्कचे वास्तुविशारद पॉल हेनिंगसेन यांनी. त्यांचा जन्म १८९४ चा, म्हणजे रॉकेलच्या दिव्यांच्या काळातला. त्या दिव्याची ज्योत मंद आणि पसरट असल्यामुळे तिच्याकडे पाहिले तरी डोळे दिपत नसत. वीज आली आणि काचेच्या बल्बमधील बारीक तप्त तार थेट डोळ्यांवर येऊ लागली. बल्बवर एकच झाकण बसवले, तर ते खोल असल्यास उजेड खाली एका वर्तुळात कोंडतो आणि उथळ असल्यास तार दिसते. या पेचातून सुटण्यासाठी हेनिंगसेन यांनी १९२५-२६ च्या सुमारास एकाखाली एक अशा, खाली लहान होत जाणाऱ्या तीन शेडची रचना सिद्ध केली. कोपनहेगनच्या फोरम सभागृहासाठी ती वापरली गेली आणि लुई पोल्सन या कंपनीने पुढे ‘पीएच’ या नावाने अशा दिव्यांची मोठी मालिकाच काढली.

त्या शेडचा वक्र त्यांनी लॉगरिदमिक सर्पिलावरून घेतला. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखात दिसणारा हाच वक्र होय. त्याचा एक गुण दिव्याच्या फार उपयोगाचा आहे: केंद्रातून काढलेली कोणतीही रेषा या वक्राला कायम सारख्याच कोनात छेदते. तार जर त्या केंद्रावर ठेवली, तर शेडच्या आतल्या बाजूवर प्रत्येक ठिकाणी किरण एकाच कोनातून आदळतात. साध्या गोल वाटीत कुठे किरण सरळ, तर कुठे तिरका पडतो आणि त्यामुळे चमकदार डाग उमटतात. सर्पिलाच्या शेडवर मात्र उजेड मध्याकडून कडेकडे हळूहळू, एकसारखा उतरत जातो. तिन्ही शेड एकमेकींना अशा झाकतात की नेहमीच्या उंचीवरून पाहणाऱ्याला तार दिसत नाही, फक्त उजळलेले पृष्ठभाग दिसतात. बहुतांश उजेड खाली टेबलावर जातो आणि थोडा बाजूला निसटून खोलीचे कोपरे उजळतो.

१९५८ मध्ये हेनिंगसेन यांनी ‘पीएच ५’ हा दिवा केला. त्याची मुख्य शेड ५० सेंटिमीटर रुंद, म्हणून ५ हा आकडा. बल्ब बनवणारे कारखाने आकार सतत बदलत असल्यामुळे वैतागून त्यांनी हा दिवा असा रचला, की कोणताही बल्ब बसवला तरी तो दिसू नये. आतल्या लहान भागांना त्यांनी लाल आणि निळा रंग दिला. डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो, वर्णपटाच्या दोन्ही टोकांना कमी, तेव्हा ती टोके थोडी उचलून धरावीत हा त्यामागचा विचार. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे पूर्णपणे पटणारे नाही, कारण रंग लावलेला पृष्ठभाग नवा लाल उजेड निर्माण करत नाही, तो इतर रंग शोषून घेतो इतकेच. दिव्याला त्यामुळे एक ऊबदार छटा मिळते, हे मात्र खरे. त्याच वर्षी कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हेलियनसाठी केलेल्या ‘आर्टिचोक’ दिव्यात बारा ओळींत मिळून ७२ पाकळ्या आहेत आणि कोणत्याही दिशेने पाहिले तरी बल्ब दिसत नाही.

उगम लपवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तो मोठा करणे. दिवाळीच्या आकाशकंदिलाकडे आपण टक लावून पाहू शकतो, आतल्या बल्बकडे नाही. कागदातील असंख्य तंतू आणि त्यांमधील हवा यांच्या सीमेवर उजेड पुन:पुन्हा वळतो आणि अखेर सारा कागदच प्रकाशमान होतो. ६ सेंटिमीटर व्यासाचा दुधी बल्ब ६० सेंटिमीटरच्या कागदी गोलात ठेवला, तर तेवढाच उजेड शंभरपट पृष्ठभागावरून बाहेर पडतो आणि कागदाने काही शोषले नाही असे धरले, तर पृष्ठभागाची दीप्ती शंभर पटींनी उतरते. शिल्पकार इसामु नोगुची यांनी जपानच्या गिफू शहरातील पारंपरिक कंदील पाहून १९५१ पासून ‘अकारी’ दिवे केले, ते याच तत्त्वावर. तुतीच्या सालीचा हाताने केलेला कागद आणि बांबूच्या कामट्या, एवढेच त्याचे साहित्य.

उजेड कुठे ठेवावा हाही प्रश्न आहेच. लहान उगमापासूनचे अंतर पाचपट कमी केले, तर प्रकाशाची तीव्रता पंचवीसपट होते, म्हणून पुस्तकापासून २ मीटरवरच्या दिव्यापेक्षा ४० सेंटिमीटरवरचा लहान दिवा अधिक उपयोगी. पण हवा तिथे थांबणारा दिवा हवा. गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारे इंग्रज अभियंते जॉर्ज कारवार्डीन यांनी १९३२ मध्ये स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि त्यातून ‘अँगलपॉइज’ दिवा आला. आडवा हात वजनाने सर्वांत जोरात खाली ओढला जातो आणि उभा होताना ही ओढ कमी होत जाते. स्प्रिंगची जोडणी अशी केली, की तिची ओढही कोनानुसार त्याच प्रमाणात बदलेल, तर हात कुठेही सोडला तरी तिथेच राहतो. खालच्या वजनदार बैठकीचे काम इतकेच, की दिवा उलटू नये. इटलीचे डिझायनर कास्तिलिओनी बंधू यांच्या १९६२ च्या ‘आर्को’ या दिव्यामध्ये हीच बैठक सुमारे ६५ किलोंच्या कॅरारा संगमरवराची झाली. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर दिवा आणणारी ती कमान फर्निचरच म्हणावी लागेल. संगमरवराला मुद्दाम एक आरपार भोक ठेवलेले आहे, त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी तो उचलावा म्हणून.

एलईडीने हे सारे प्रश्न पुन्हा उभे केले. जुन्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम पाच टक्के भाग दृश्य उजेडात उतरत असे आणि बाकी उष्णता व्हायची, त्यामुळे कागद, लाकूड, कापड दूर ठेवावे लागे. एलईडी पुढच्या बाजूने थंड असतो, म्हणून आज लाकडी फळीच्या खाचेत किंवा कपाटाच्या कडेत दिव्याची पट्टी बसवता येते. उष्णता मागच्या बाजूला जाते, आणि ती तिथे कोंडली तर इलेक्ट्रॉनिक भाग लवकर खराब होतो. उलट बाजूही आहे: एक चौरस मिलिमीटरच्या चिपमधून शंभराहून अधिक ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) उजेड बाहेर पडतो, म्हणजे उघडी चिप जुन्या तारेइतकीच डोळ्यांना टोचते. फॉल्स सीलिंगमधील पट्टीचे ठिपके दिसतात ते याचमुळे. चिपांमधील अंतराच्या मानाने दुधी झाकण फार जवळ असले, की उजेडाला मिसळायला जागाच उरत नाही.

रंगाचा मुद्दाही इथेच येतो. पांढरा एलईडी बहुधा निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळ्यात बदलणारे द्रव्य, चढवून केलेला असतो. निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे ६५०० केल्विनचा निळसर दिवा ‘जास्त उजेडाचा’ म्हणून खपतो, पण केल्विनचा आकडा उजेडाचे प्रमाण सांगत नाही, फक्त छटा सांगतो. २७०० केल्विनचा, उच्च सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा निर्देशांक) दिवा टोमॅटोचा लाल रंग आणि माणसाचा वर्ण अधिक खरा दाखवतो.

हेनिंगसेन यांच्या तीन शेडच्या दिव्यात मात्र एक अडचण राहते. नेहमीच्या एलईडी बल्बचा निम्मा भाग प्लॅस्टिकने व्यापलेला असतो आणि उजेड वरच्या अर्ध्या गोलातूनच येतो, त्यामुळे उगम सर्पिलाच्या केंद्रावरून सरकतो. काचेच्या बल्बात बारीक एलईडीच्या काड्या उभ्या केलेले ‘फिलामेंट’ बल्ब निघाले, तेव्हा बऱ्याच जणांना ती जुन्या रूपाची हौस वाटली. सर्पिलाच्या हिशेबाने पाहिले, तर उजेड पुन्हा तारेच्या जागी आला होता.