दुवा दिसतो, पण पान हलत नाही

लांबलचक पानाच्या अनुक्रमणिकेतील शीर्षकावर क्लिक करावे आणि पान जागचे हलूच नये, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. पानच नसेल तर निदान ४०४ हा आकडा तरी दिसतो. येथे मात्र ब्राउझर चकार शब्द काढत नाही. याचे कारण असे, की पत्त्यातील # या चिन्हापुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझर तो स्वतःपाशी ठेवतो, त्याच आयडीचा, म्हणजे कोडमध्ये तेच ओळखनाव दिलेला, घटक (उदाहरणार्थ शीर्षक) पानात शोधतो आणि न सापडल्यास गप्प राहतो.

म्हणून प्रथम दुव्यातील नाव आणि घटकाचा आयडी तंतोतंत जुळतात का, ते पाहावे. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे येथे वेगळी मानली जातात, आयडीत मोकळी जागा चालत नाही, आणि एकच आयडी दोनदा आला तर ब्राउझर पहिल्याच ठिकाणी नेतो. वेबपाने ज्या भाषेत लिहितात, त्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत देवनागरी आयडी चालतो. पण मराठीत एक छुपी अडचण आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त व झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ब्राउझर मात्र आकार नव्हे, संकेतांक ताडून पाहतो. डोळ्यांना निर्दोष वाटणारा दुवा त्यामुळे निकामी ठरतो. अशा वेळी शब्द पुन्हा टाइप न करता आयडी जसाच्या तसा कॉपी करून दुव्यात चिकटवावा.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या, पानाचा कोड तपासणाऱ्या साधनाने दिलेल्या सूचना सारख्याच वजनाच्या नसतात. जुन्या पानांत जागेची खूण अँकर टॅगच्या (दुव्यांसाठीच्या <a> या कोडखुणेच्या) ‘नेम’ या गुणधर्माने केलेली असते; तो कालबाह्य असल्याचा इशारा मिळतो, तरी ब्राउझर आजही तो मानतात, तेव्हा बिघाडाचे खापर त्यावर फोडू नये. बंद न केलेले अवतरणचिन्ह मात्र खरोखर घातक असते, कारण त्यापुढचा मजकूर, त्यातील आयडीसह, आधीच्या गुणधर्माच्या पोटात जातो आणि घटक निनावी राहतो. फायरफॉक्समध्ये पानाचा स्रोत उघडल्यास अशा कित्येक चुका लाल रंगात दिसतात.

कधी पान योग्य जागी सरकते, पण शीर्षक वरच्या स्थिर पट्टीखाली झाकले जाते. तेथे एचटीएमएल नव्हे, पानाचे रूप व मांडणी ठरवणारे सीएसएस पाहावे : शीर्षकाला ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ने पट्टीच्या उंचीइतके अंतर दिले, की ते पट्टीखालून बाहेर येते.